जहाजाच्या मागे लिहिलेलं माजुरो

परवा भाच्याने व्हॉट्सॲपवर एक फोटो पाठवला. त्याची ही पहिलीच बोट. मुंद्र्याला जॉइन झाला आणि गँगवे चढण्याआधी धक्क्यावर उभं राहून जहाजाच्या मागच्या बाजूचा फोटो काढला. वर जहाजाचं नाव, त्याखाली नोंदणीच्या बंदराचं नाव: माजुरो. फोटोखाली प्रश्न होता, "मामा, हे माजुरो कुठे आलं? बोट तिकडे जाते का?"

तेहतीस वर्षं मी इंजिन रूममध्ये काढली. त्यातल्या सात जहाजांच्या मागे हेच नाव होतं. माजुरो म्हणजे मार्शल आयलंड्स या देशाची राजधानी; त्या देशात नोंदलेल्या जहाजांवर हे नाव आणि त्या देशाचा झेंडा असतो. माजुरो मी कधी पाहिलं नाही, पाहिलेला माणूसही भेटला नाही. माझ्या कपाटात आजही मार्शल आयलंड्सचं सीमन बुक, म्हणजे खलाशाचं ओळखपुस्तक, आहे. निळ्या रंगावर नारिंगी आणि पांढरा असे दोन तिरके पट्टे आणि कोपऱ्यात चोवीस टोकांचा पांढरा तारा, हा झेंडा रोज वर चढताना पाहिला. त्या झेंड्याखालच्या पगारावर आमचं गुहागरचं घर उभं राहिलं, मुलांची शिक्षणं झाली. त्या देशाविषयी मी वाचायला घेतलं ते निवृत्त झाल्यावर. भाच्याला दोन ओळींत उत्तर देता येईना, म्हणून हे इथे लिहितो आहे. लांब होईल, पण मला ते सगळं सांगायचं आहे.

मार्शल आयलंड्स म्हणजे पॅसिफिक महासागरातली २९ कंकणद्वीपं आणि ५ सुटी बेटं. कंकणद्वीप म्हणजे प्रवाळाचं कडं, मध्ये उथळ, शांत पाणी, आणि कड्यावर मण्यांसारखे ओवलेले जमिनीचे चिंचोळे तुकडे. सगळी जमीन मिळून १८१ चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईच्या निम्म्याहूनही कमी. समुद्र मात्र जवळजवळ २० लाख चौरस किलोमीटर त्यांच्या हक्काचा. जमिनीची उंची सरासरी दोन मीटर. डोंगर नाही, नदी नाही. तिथे जमीन आईकडून लेकीकडे जाते, आणि माणूस कोण हे त्याची जमीन कुठली यावरून ठरतं.

खलाशी म्हणून एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. हे लोक काड्यांचे नकाशे बनवायचे. माडाच्या पात्यांच्या शिरा बांधून लाटांच्या दिशा दाखवायच्या, आणि बेटांच्या जागी शिंपले. बेटाला वळसा घालून आलेली लाट कशी वाकते, दोन लाटा कुठे एकमेकींना भेटतात, हे त्या चौकटीत मांडलेलं असे. नकाशा होडीत न्यायचा नाही, किनाऱ्यावरच पाठ करायचा. मग रात्री होडीच्या तळाला लाटेचा धक्का कसा बसतो त्यावरून बेट ओळखायचं. मी जन्मभर इंजिनचे आवाज कानाने ओळखले, त्यामुळे ही विद्या किती खोल आहे ते मला कळतं.

आधी स्पेन, मग जर्मनी, मग जपान, असे मालक बदलत गेले. १९४४ मध्ये अमेरिकेने जपानकडून ही बेटं लढून घेतली. १९४७ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी ती विश्वस्त म्हणून अमेरिकेच्या हवाली केली. त्या करारात स्पष्ट लिहिलं होतं की इथल्या रहिवाशांच्या आरोग्याचं रक्षण करायचं आणि त्यांच्या जमिनी व साधनसंपत्ती त्यांच्या हातून जाऊ द्यायच्या नाहीत. विश्वस्त हा शब्द लक्षात ठेवा.

कारण तोवर अणुचाचण्या सुरू झाल्या होत्या. फेब्रुवारी १९४६ मध्ये एका रविवारी प्रार्थना आटोपल्यावर कमोडोर बेन वायट या अमेरिकी अधिकाऱ्याने बिकिनी बेटावरच्या लोकांना गोळा केलं आणि विचारलं, मानवजातीच्या भल्यासाठी आणि सगळी युद्धं कायमची संपवण्यासाठी तुम्ही काही काळ हे बेट सोडाल का? त्यांचे प्रमुख जुदा म्हणाले, सारं देवाच्या हाती आहे. ७ मार्चला १६७ माणसं आपली होडकी आणि घरांची छपरं घेऊन निघाली. ज्या रोंगेरिक बेटावर नेऊन सोडलं तिथे पुरेसं अन्न नव्हतं. दोन वर्षांत उपासमारीची वेळ आली, तेव्हा त्यांना किली नावाच्या बेटावर हलवलं. किलीभोवती प्रवाळाचं कडं नाही, आत शांत पाणी नाही, खवळलेल्या समुद्रात होडी घालता येत नाही. मासेमारीवर जगणाऱ्या माणसांना तिथे ठेवलं. बिकिनी हे नाव जगभर पोहोचलं ते पोहण्याच्या पोशाखामुळे. पहिल्या चाचणीनंतर चारच दिवसांनी पॅरिसमध्ये एकाने तो पोशाख बाजारात आणला.

१९४६ ते १९५८ या बारा वर्षांत बिकिनी आणि एनेवेटाक या दोन कंकणद्वीपांवर ६७ चाचण्या झाल्या. त्यातली सर्वांत मोठी १ मार्च १९५४ ची कॅसल ब्राव्हो, १५ मेगाटनांची. हिरोशिमावर पडलेल्या बॉम्बच्या हजारपट. हिशेब केला होता त्याच्या अडीचपट स्फोट झाला. दीडशेहून जास्त किलोमीटरवरच्या रोंगेलाप बेटावर काही तासांनी पांढरी भुकटी पडू लागली. मुलं तिच्यात खेळली. ती प्यायच्या पाण्यात पडली, अन्नात पडली. संध्याकाळपासून उलट्या, भाजल्यासारखी कातडी, मग केस गळणं. १९४६ च्या चाचण्यांच्या वेळी याच लोकांना खबरदारी म्हणून आधीच दुसरीकडे हलवलं होतं. १९५४ मध्ये हलवलं नाही, आणि भुकटी पडल्यावरही न्यायला जहाज आलं ते दोन दिवसांनी.

यापुढचा भाग मला सर्वांत जड जातो. १९५७ मध्ये या लोकांना रोंगेलापला परत आणून ठेवलं आणि बेट राहण्याजोगं आहे असं सांगितलं. दरवर्षी डॉक्टर यायचे, रक्त घ्यायचे, तपासायचे. हा एक अभ्यास प्रकल्प होता, त्याला क्रमांक होता ४.१. त्याच्या आदल्या वर्षी अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगातले मेरिल आयझेनबड हे अधिकारी एका बैठकीत म्हणाले होते की हे लोक आपल्यासारखे सुसंस्कृत जगत नसले, तरी उंदरांपेक्षा ते आपल्याला जास्त जवळचे आहेत. हे इतिवृत्तात नोंदलेलं आहे. मुलांच्या मानेत थायरॉइडच्या गाठी आल्या, बायकांचे गर्भ पडत राहिले. शेवटी १९८५ मध्ये लोकांनी स्वतःच बेट सोडलं, आणि त्यांना हलवायला ग्रीनपीसचं जहाज आलं.

आता राजनैतिक संबंधांकडे येतो, कारण मला खरं बोलायचं आहे ते त्याविषयी.

२१ ऑक्टोबर १९८६ पासून मार्शल आयलंड्स आणि अमेरिका यांच्यात 'मुक्त सहयोगाचा करार' लागू झाला. मार्शल आयलंड्स स्वतंत्र झालं, १९९१ मध्ये संयुक्त राष्ट्रांचं सभासदही झालं. पण संरक्षण अमेरिकेकडे राहिलं. दुसऱ्या कुठल्याही देशाच्या लष्कराला या समुद्रात पाय ठेवू न देण्याचा हक्कही अमेरिकेकडे. क्वाजालीन कंकणद्वीपावर क्षेपणास्त्रांचा तळ. बदल्यात दरवर्षी पैसे, चलन डॉलर, अमेरिकेचं टपालखातं, आणि मार्शली नागरिकांना विनाव्हिसा अमेरिकेत राहायची, नोकरी करायची मुभा.

याच कराराच्या १७७ व्या कलमात अणुचाचण्यांचा हिशेब होता. १५ कोटी डॉलर, आणि त्यात झालेल्या व होणाऱ्या सगळ्या दाव्यांचा कायमचा निकाल. दाव्यांसाठी एक लवाद बसवला. त्या लवादाने पुढे एकट्या बिकिनीच्या लोकांना ५६ कोटी ३० लाख डॉलर द्यावेत असं ठरवलं. सगळे निवाडे मिळून २०० कोटींच्या पुढे गेले. निधीत तेवढे पैसे कधी नव्हतेच, लवकरच ते संपले. बिकिनीचे लोक अमेरिकेच्या कोर्टात गेले, २०१० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायलाच नकार दिला.

आणि कागदपत्रं? प्रकल्प ४.१ ची आणि किती बेटांवर किती किरणोत्सार पडला याची बरीच गोपनीय कागदपत्रं खुली झाली ती १९९० च्या दशकात, म्हणजे सह्या झाल्यानंतर. आपल्याकडे तलाठी कार्यालयातला एक उतारा दडवून कुणी जमिनीचा व्यवहार केला तर आपण त्याला काय म्हणतो? इथे नुकसान करणारा, नुकसान मोजणारा आणि नुकसानीची किंमत ठरवणारा एकच होता, आणि मोजमापाची वही त्याच्याच कपाटात बंद होती. वर तो विश्वस्त होता.

म्हणून या पैशाला 'मदत' म्हणतात तेव्हा मला राग येतो. बातम्यांत, अहवालांत, सगळीकडे 'अमेरिकेची मदत' असंच छापून येतं. एखाद्याच्या घरात तुम्ही कारखाना थाटला, त्याचं आवार नासवलं, आणि महिन्याला त्याच्या हातावर पैसे ठेवले, तर ते भाडं असतं आणि थोडीफार भरपाई असते. मदत घेणाऱ्याने मान खाली घालावी अशी अपेक्षा असते. भाडं घेणारा ताठ मानेने घराचा मालक म्हणून बोलतो. मार्शली लोकांना त्यांचं मालकपण या एका शब्दामुळे बोलता येत नाही.

क्वाजालीनचंच घ्या. सुमारे ६,७०० किलोमीटरवरून, कॅलिफोर्नियातून, अमेरिका आपली क्षेपणास्त्रं चाचणीसाठी इकडे डागते. इलॉन मस्कच्या कंपनीचं पहिलं रॉकेट कक्षेत पोहोचलं ते २००८ मध्ये, याच कंकणद्वीपावरच्या ओमेलेक बेटावरून. अशी जागा अमेरिकेकडे दुसरी नाही. आणि तिथे काम करणारे मार्शली कामगार राहतात कुठे? शेजारच्या इबाय बेटावर. ऐंशी एकरांच्या आसपास जमीन आणि आठ-नऊ हजार माणसं. क्षेपणास्त्रांच्या वाटेत आलेल्या बेटांवरची कुटुंबंही १९६० च्या दशकात इथेच आणून ठेवली. सकाळी फेरीने तळावर जायचं, संध्याकाळी परत यायचं. गवताची हिरवळ, दवाखाना, सिनेमा त्या बाजूला, आणि दाटीवाटीची घरं या बाजूला. प्रकल्पग्रस्त हा शब्द आपल्या भाषेत आहे, तो मला इथे पुरेसा वाटतो.

पण हे लोक गप्प बसले नाहीत. १९८२ मध्ये जवळजवळ हजार जमीनमालक, बायकामुलांसह, होड्यांतून क्वाजालीनवर उतरले आणि चार महिने आपल्याच जमिनीवर ठाण मांडून बसले. नंतर २००३ मध्ये दोन्ही सरकारांनी तळाचा करार २०६६ पर्यंत वाढवला, तेव्हा भाडं कमी आहे म्हणून मालकांनी सही करायला नकार दिला. आठ वर्षं रोखून धरलं, २०११ मध्ये सही केली. याला म्हणतात घराचा मालक.

माझे एक कॅप्टन मित्र आहेत, आता ठाण्यात असतात. त्यांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "अरे, त्यांना विनाव्हिसा अमेरिका मिळाली. आपली पोरं एच-वन-बीसाठी देव पाण्यात बुडवून बसतात. एवढं मिळाल्यावर तक्रार कसली?" हा प्रश्न अनेकांच्या मनात येईल, म्हणून उत्तर देतो.

मुभा मोठी आहे, हे खरं. तिच्यामुळे हजारो कुटुंबं जगली. अमेरिकेत मार्शली लोकांची सर्वांत मोठी वस्ती आहे अर्कान्सामधल्या स्प्रिंगडेल गावात, आणि तिथे ते प्रामुख्याने कोंबड्या कापण्याच्या कारखान्यांत काम करतात. पण १९८६ च्या समझोत्यात त्यांना गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्ययोजनेचा, मेडिकेडचा, लाभ होता. १९९६ मध्ये अमेरिकेने आपला कल्याणकायदा बदलला आणि या लोकांचा तो लाभ गेला. ज्यांच्या आजारांत अणुचाचण्यांचा वाटा आहे त्यांचा, आणि तोही त्यांना न विचारता. तो परत मिळाला डिसेंबर २०२० मध्ये, २४ वर्षांनी, कोविडने स्प्रिंगडेलच्या मार्शली घरांत अनेक माणसं नेल्यावर. लहान देशाशी केलेला समझोता मोठ्या देशाच्या संसदेत एका ओळीने कसा मोडतो, ते इथे दिसतं.

दुसरं म्हणजे, २०११ च्या जनगणनेत त्या देशात ५३,१५८ माणसं होती, २०२१ मध्ये ४२,४१८ उरली. दहा वर्षांत पाचात एक माणूस गेला. आम्हा कोकणातल्या लोकांना कुलूप लावलेली घरं म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. पण आमचा माणूस मुंबईला गेला तरी गणपतीला परत येतो. अर्कान्साहून माजुरोला येणं-जाणं किती महिन्यांच्या पगाराचं असेल, विचार करा.

२०२३ मध्ये कराराचा आर्थिक भाग संपत आला, तेव्हा मार्शल आयलंड्सने असाच करार असलेल्या पलाऊ आणि मायक्रोनेशिया या दोन शेजारी देशांसारखी लगेच सही केली नाही. चीन पॅसिफिकमध्ये पाय पसरतो आहे, सॉलोमन बेटांनी २०२२ मध्ये चीनशी सुरक्षा करार केला, याची अमेरिकेला काळजी होती, आणि ती काळजी मार्शली वाटाघाटी करणाऱ्यांनी बरोबर ओळखली. विशेष म्हणजे यांचे संबंध तैवानशी आहेत, चीनशी नाहीत. तरी त्यांनी आपलं वजन वापरलं. १६ ऑक्टोबर २०२३ ला सह्या झाल्या. वीस वर्षांत २३० कोटी डॉलर, त्यात ७० कोटींचा एक विश्वस्त निधी. मग अमेरिकी काँग्रेसमध्ये ते महिनोन्‌महिने अडकलं. १ मार्च २०२४ ला ब्राव्होला सत्तर वर्षं झाली, तो त्यांचा राष्ट्रीय स्मृतिदिन, आणि त्या दिवशीही पैसे मंजूर झालेले नव्हते. कायद्यावर सही झाली ९ मार्चला. १९८६ मध्येच अणुचाचण्यांचा हिशेब मिटला, ही अमेरिकेची भूमिका मात्र तशीच आहे.

एनेवेटाकमध्ये रुनिट नावाचं बेट आहे. १९५८ च्या एका चाचणीने तिथे खड्डा पडला होता. १९७७ ते १९८० या काळात अमेरिकी सैनिकांनी आजूबाजूची दूषित माती, प्लुटोनियमसकट, त्या खड्ड्यात भरली आणि वर अर्धा मीटरसुद्धा जाड नसलेला काँक्रीटचा घुमट घातला. खड्ड्याच्या तळाला अस्तर नाही, खालून भरती-ओहोटीचं पाणी येतं-जातं. समुद्र वर चढतो आहे. अमेरिकेचं म्हणणं, १९८६ नंतर या घुमटाची जबाबदारी मार्शल आयलंड्सची. ४२ हजार लोकांचा देश हा घुमट सांभाळणार कशाने?

आता भाच्याच्या प्रश्नाकडे. बोट तिकडे जाते का? नाही जात. जहाजांच्या नोंदणीत मार्शल आयलंड्स आज जगातल्या पहिल्या तिघांत आहे, पण ती नोंदणी चालवणाऱ्या कंपनीचं मुख्य कार्यालय अमेरिकेत व्हर्जिनियातल्या रेस्टन गावी आहे, आणि रेस्टनला समुद्रसुद्धा नाही. २०१० मध्ये मेक्सिकोच्या आखातात ज्या डीपवॉटर होरायझन रिगवर स्फोट होऊन ११ माणसं मेली, तिच्यावरही माजुरो लिहिलेलं होतं. म्हणजे जमीन क्षेपणास्त्रांना, माणसं अर्कान्साच्या कारखान्यांना, आणि देशाचं नाव आमच्या जहाजांना. त्या नोंदणीतून देशाला उत्पन्न मिळतं, ते त्यांना हवंच आहे, मी त्याला नावं ठेवत नाही. मी स्वतः त्यावर जगलो.

जानेवारी २०२४ मध्ये एडनच्या आखातात मार्लिन लुआंडा या टँकरला येमेनमधल्या हूथी बंडखोरांचं क्षेपणास्त्र लागलं आणि आग लागली. झेंडा मार्शल आयलंड्सचा, जहाजावर २२ भारतीय खलाशी. मदतीला धावलं आपल्या नौदलाचं आयएनएस विशाखापट्टणम. ती बातमी मी रात्री टीव्हीवर पाहिली. ज्या देशाचा झेंडा होता त्याच्याकडे लढाऊ जहाज नाही. पण त्या झेंड्याखाली जी आमची मुलं उभी असतात त्यांचं आणि त्या देशाचं काहीतरी नातं आहे, असं मला तेव्हा पहिल्यांदा आतून वाटलं.

भारताचं नातं त्याहून जुनं आहे. ब्राव्होनंतर महिन्याभराने, २ एप्रिल १९५४ ला, पंडित नेहरूंनी लोकसभेत अणुचाचण्या थांबवण्याची जाहीर मागणी केली. तेव्हा आपण त्या भाजलेल्या लोकांच्या बाजूने उभे होतो. साठ वर्षांनी, २०१४ मध्ये, याच देशाने अण्वस्त्रं बाळगणाऱ्या नऊ देशांविरुद्ध हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावे लावले. परराष्ट्रमंत्री होते टोनी डिब्रम. नऊ वर्षांचे असताना आजोबांबरोबर मासे धरायला गेले होते, तेव्हा ब्राव्होने सगळं आकाश लाल झालेलं त्यांनी पाहिलं होतं. त्या नऊ देशांत अमेरिकाही होती. ज्याच्या पैशावर देश चालतो त्यालाच त्यांनी कोर्टात खेचलं. अमेरिकेवर वेगळा दावा थेट तिच्याच न्यायालयात लावला. हेगमध्ये न्यायालयाचा अधिकार आधीपासून मान्य केलेले देश तीनच, म्हणून दावा पुढे चालला ब्रिटन, पाकिस्तान आणि भारताविरुद्ध. भारताने सांगितलं, आमच्यात काही वादच नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये न्यायालयाने नऊ विरुद्ध सात मतांनी भारताचं म्हणणं मान्य केलं आणि प्रकरण बंद झालं.

आपल्याला अण्वस्त्रं का ठेवावी लागली ते मला कळतं, चीन आणि पाकिस्तान शेजारी आहेत. तो वाद इथे घालत नाही. पण १९५४ मध्ये ज्यांच्यासाठी आपण बोललो त्यांना २०१६ मध्ये 'तुमचा आमचा वादच नाही' एवढंच सांगून पाठवलं, हे मला बोचतं. निदान रोंगेलापच्या लोकांच्या उपचारांसाठी, रुनिटच्या घुमटाच्या तपासणीसाठी भारताने शास्त्रज्ञ आणि डॉक्टर देऊ करावेत. आपल्याकडे टाटा मेमोरियल आहे, भाभा अणुसंशोधन केंद्र आहे, दोन्ही मुंबईत आहेत. हजारो भारतीय घरं त्या देशाच्या नावावर चालतात.

भाच्याला मी उत्तर पाठवलं आहे: माजुरो कुठे आहे ते ब्रिजवरच्या चार्टवर शोध, मग या मामाला फोन कर. इथे मर्चंट नेव्हीतले बरेच जण आहेत. कुणी खरोखर माजुरोला गेलं असेल, ट्यूनाच्या बोटीवर असो की तेल भरायला, तर तिथे काय पाहिलं ते खाली लिहा. मला वाचायचं आहे.